पायथनमधून कीबोर्डची नोंद: विंडोज, लिनक्स, मॅक आणि पॅकिंग विभागातील दोन स्कॅनर

यंत्रमागकर

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पॅकिंग विभागात प्रत्येक गठ्ठ्यावर बारकोडची चिठ्ठी लागते आणि गठ्ठा टेम्पोत चढण्यापूर्वी ती स्कॅन होते. स्कॅनर यूएसबीचे आहेत आणि संगणकाला ते कीबोर्ड म्हणूनच दिसतात, म्हणजे चिठ्ठीवरील मजकूर कोणी टंकून शेवटी एंटर दाबावे तसा तो उमटतो. बिलिंगचे सॉफ्टवेअर समोर उघडे असतानाही प्रत्येक स्कॅन वेळेसह वेगळ्या फाइलमध्ये नोंदला जावा, एवढीच माझी गरज आहे. त्यासाठी पायनपुट हे पायथनचे पॅकेज वापरून एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे.

अडचणी अशा आहेत. आमच्या चिठ्ठीची सुरुवात टी आणि डब्ल्यू या मोठ्या इंग्रजी अक्षरांनी होते व पुढे ०४१२ सारखा क्रमांक असतो. परंतु फाइलमध्ये अधूनमधून 'ऊऐ-०४१२' असे काहीतरी येते, आणि तेही दुपारनंतर जास्त. दुसरे म्हणजे एकाच संगणकाला दोन स्कॅनर जोडलेले आहेत, त्यांपैकी कोणत्या टेबलावरून स्कॅन झाले हे कळत नाही. तिसरे, दिवाणजी पार्टीचे नाव-पत्ता टंकतात तेही सगळे त्याच फाइलमध्ये जमा होते. चौथे, पॅकिंगमधील दुसऱ्या संगणकावर उबुंटू आहे आणि तिथे हाच प्रोग्राम एखादी ओळ नोंदवतो, एरवी गप्प बसतो. घरी पुतण्याचा मॅक आहे, त्यावर तर काहीच नोंदले जात नाही. एकच प्रोग्राम तिन्हीकडे चालावा, ही अपेक्षा चुकीची आहे का?

हिप्परगा

अपेक्षा चुकीची नाही, पण 'कीबोर्डची नोंद' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि आपल्या चारही अडचणी त्या तिघींची सरमिसळ झाल्यामुळे उभ्या राहिल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे यंत्र: नेमक्या कोणत्या उपकरणाने कळ दाबली गेल्याचे कळवले. दुसरी गोष्ट म्हणजे कळ: त्या उपकरणावरील कोणत्या जागेची कळ खाली गेली किंवा वर आली. तिसरी गोष्ट म्हणजे अक्षर: त्या वेळी चालू असलेल्या लेआउटनुसार, म्हणजे कोणत्या कळीला कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या मांडणीनुसार, त्या कळीतून काय उमटले. पायनपुट आपल्याला मुख्यतः दुसरी आणि तिसरी गोष्ट देते. आपल्याला हवी आहे ती पहिली.

'ऊऐ'चे कोडे यातूनच सुटते. कीबोर्ड म्हणून वागणारा स्कॅनर 'टी' हे अक्षर पाठवत नाही; तो अमेरिकी कीबोर्ड गृहीत धरून शिफ्ट आणि त्या जागेची कळ दाबल्याचे कळवतो. विंडोजवर त्या क्षणी मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी टंकनाची प्रमाणित कळमांडणी) चालू असेल, तर शिफ्टसह टीच्या जागी ऊ आणि शिफ्टसह डब्ल्यूच्या जागी ऐ असते, म्हणून 'ऊऐ' उमटते. दुपारनंतर हे जास्त होण्याचे कारण बहुधा एवढेच असावे, की तेव्हा दिवाणजी मराठीतून नावे भरत असतात.

हा दोष इतके दिवस झाकून राहिला तो पायथनच्या उदारपणामुळे. इनस्क्रिप्टमध्ये अंकही देवनागरी उमटतात आणि पायथनच्या इंट या फंक्शनला '०४१२' देवनागरीत दिले तरी ते विनातक्रार ४१२ परत करते. इझडिजिट ही तपासणीही देवनागरी अंकांना अंकच मानते, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुराचा साचा तपासण्याच्या सूत्रातील) अंकाचे चिन्हसुद्धा साध्या मजकुरावर वापरले असता त्यांना जुळते. त्यामुळे आपल्या प्रोग्राममधील तपासण्या पार पडतात आणि पुढे डेटाबेसमध्ये मजकुराशी मजकूर ताडून पाहताना मात्र गठ्ठा 'सापडत नाही'. शिवाय इंट केल्यावर सुरुवातीचे शून्य गळते ते वेगळेच.

आता कळीच्या क्रमांकाविषयी, कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे. इंग्रजी 'ए'ची तीच एक कळ घ्या. यूएसबीच्या एचआयडी (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांच्या) मानकात तिचा क्रमांक ४ आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या गाभ्यात, ती ३० होते. एक्स सर्व्हर (लिनक्सवर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था) त्यात ८ मिळवून ३८ सांगतो. विंडोजमध्ये तिचा आभासी क्रमांक ६५ आहे. आणि मॅकवर तो चक्क ० आहे. मॅकचे ते शून्य फार फसवे आहे, कारण 'क्रमांक असेल तर' अशी ढिली अट लिहिणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये नेमकी 'ए'ची कळ गायब होते. त्यामुळे तिन्ही ठिकाणी चालणारा प्रोग्राम हवा असेल, तर क्रमांक आहे तसा फाइलमध्ये लिहू नये. प्रत्येक व्यवस्थेसाठी एक छोटा तक्ता ठेवून त्याचे कळीच्या नावात रूपांतर करावे आणि नाव नोंदवावे. पायनपुटमध्ये व्हीके नावाचा जो गुणधर्म आहे तोही व्यवस्थेनुसार बदलतो, म्हणून विंडोजवर जमलेले गणित लिनक्सवर तसेच जमेल असे धरून चालू नये.

बाळीवेस

एवढ्या खोलात जाण्याची गरज आहे का? स्कॅनर माणसापेक्षा कितीतरी वेगाने टंकतो. दोन कळांमधील अंतर मोजावे, ते ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर स्कॅनर, नाहीतर दिवाणजी. मी एका दुकानात असेच करून दिले आहे आणि ते व्यवस्थित चालू आहे. देवनागरी अक्षरांसाठी उलटा तक्ता ठेवला, म्हणजे ऊचा टी, ऐचा डब्ल्यू, की तेही मिटते.

हिप्परगा

दुकानात एक स्कॅनर आणि एक माणूस असेल तर ही युक्ती चालते, हे मान्य आहे. हिशेबही आपल्या बाजूचा आहे: मिनिटाला ४० शब्दांचा वेग आणि शब्दाला सरासरी ५ कळा धरल्या, तर मिनिटाला २०० कळा होतात, म्हणजे दोन कळांमध्ये सरासरी ३०० मिलिसेकंद, तर तारेने जोडलेल्या स्कॅनरला दोन कळांमध्ये काही मिलिसेकंदच लागतात. परंतु ही सरासरी आहे. सराईत टंकलेखकाच्या दोन हातांच्या दोन कळा कधी कधी जवळजवळ एकदमच पडतात; ब्लूटूथचा स्कॅनर मध्येच अडखळतो; आणि संगणकावर ताण आला की तारेच्या स्कॅनरच्या कळाही तुटक तुटक पोहोचतात. म्हणून अंतर पाहायचेच असेल, तर सुट्या कळांचे न पाहता एंटरने संपणाऱ्या पूर्ण ओळीचे पाहावे आणि ती ओळ चिठ्ठीच्या ठरलेल्या साच्यात बसते का, हेही सोबत तपासावे.

मूळ प्रश्नात मात्र दोन स्कॅनर आहेत आणि ते दोन्ही सारख्याच वेगाने टंकतात. तिथे घड्याळ काही मदत करू शकत नाही.

उलट्या तक्त्याबद्दल म्हणाल तर तो इनस्क्रिप्टपुरता ठीक आहे. उद्या कोणी फोनेटिक (रोमन कळांतून उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारा) कीबोर्ड लावला, तर त्याच कळांतून वेगळीच अक्षरे निघतील. आपल्या सोलापुरात एकाच कार्यालयात मराठी, तेलुगू आणि कन्नड असे तीन लेआउट लावलेले संगणक काही दुर्मीळ नाहीत. तेव्हा किती तक्ते ठेवणार?

सातरस्ता

उबुंटूच्या भागाचे उत्तर मी देतो. टर्मिनलमध्ये एक्सडीजी_सेशन_टाइप या पर्यावरण-चलाचे मूल्य पाहावे. ते 'वेलँड' (विंडो दाखवणारी नवी व्यवस्था) आले, तर प्रोग्राम गप्प का बसतो हे तिथेच कळते. जुन्या एक्स व्यवस्थेत कोणताही प्रोग्राम इतर सर्वांच्या कळा ऐकू शकत असे आणि पायनपुट एक्सच्या रेकॉर्ड या जोडणीतून तेच करते. वेलँडमध्ये कळा फक्त समोर असलेल्या विंडोलाच मिळतात. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम चालावेत म्हणून तिथे एक्सवेलँड नावाचा मधला थर असतो, आणि त्या थरातील एखादी विंडो समोर असेल तेवढ्यापुरतेच पायनपुटला ऐकू येते. 'एखादी ओळ नोंदवतो, एरवी गप्प बसतो' हे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून वेलँड हाच मूळ पर्याय केला, तेव्हा त्यानंतरच्या आवृत्त्यांवर ही अडचण येणे स्वाभाविक आहे.

उपाय म्हणजे विंडोंच्या थराखाली उतरणे. लिनक्सचे कर्नल प्रत्येक उपकरणासाठी डेव्ह/इनपुट या फोल्डरमध्ये इव्हेंट० , इव्हेंट१ अशी फाइल उघडते आणि पायथनचे ईव्हीडेव्ह हे पॅकेज ती थेट वाचते. तिथे वेलँड आहे की एक्स, मराठी आहे की इंग्रजी, याचा काहीही संबंध उरत नाही. कळीचा क्रमांक आणि ० , १ किंवा २ असे मूल्य मिळते. ० म्हणजे कळ सुटली, १ म्हणजे दाबली, २ म्हणजे धरून ठेवल्याने ती पुन्हा पुन्हा येते आहे. एंटरचा क्रमांक २८, डावीकडील शिफ्टचा ४२. वरच्या ओळीतील १ या अंकाचा क्रमांक २ आणि शून्याचा ११. हे क्रमांक कीबोर्डवरील ओळींप्रमाणे चालतात, वर्णानुक्रमाने नव्हे, त्यामुळे 'ए'च्या क्रमांकात एकेक मिळवत जाऊन बी, सी काढण्याच्या मोहात पडू नये.

याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे ग्रॅब ही सोय. आपल्या प्रोग्रामने स्कॅनरच्या उपकरणावर ग्रॅब केले, की त्या स्कॅनरच्या कळा फक्त त्यालाच मिळतात आणि समोरच्या विंडोत काहीच उमटत नाही. दिवाणजींचा कीबोर्ड हे निराळे उपकरण असल्याने त्याला धक्का लागत नाही आणि त्यांचे टंकन आपल्या फाइलमध्ये येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: चाचणी करताना चुकून मुख्य कीबोर्डच ग्रॅब केला, तर प्रोग्राम बंद करण्यासाठी कळ दाबण्याचीही सोय उरत नाही. म्हणून सुरुवातीच्या चाचणीत काही सेकंदांनी प्रोग्राम आपोआप संपेल अशी व्यवस्था ठेवावी. प्रोग्राम संपला की ग्रॅब सुटतो.

यंत्रमागकर

सातरस्ता साहेब, ईव्हीडेव्हने उबुंटूवर काम झाले. दिवाणजी मराठीत टंकत असतानाही चिठ्ठीचा मजकूर इंग्रजीतच येतो आहे. दोन शंका आहेत. स्कॅनरची फाइल आज इव्हेंट५ असते आणि संगणक बंद करून चालू केला की इव्हेंट७ होते. शिवाय प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवला तरच फाइल उघडते.

सातरस्ता

इव्हेंटचा क्रमांक उपकरणे कोणत्या क्रमाने ओळखली गेली त्यावर ठरतो, म्हणून तो प्रोग्राममध्ये कधीच लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये बाय-आयडी आणि बाय-पाथ असे दोन उपफोल्डर असतात. बाय-आयडीमध्ये उत्पादकाचे व मॉडेलचे नाव आणि अनुक्रमांक यांवरून नाव तयार होते. पण एकाच मॉडेलचे दोन स्कॅनर असतील आणि उत्पादकाने त्यांना वेगवेगळा अनुक्रमांक दिलेला नसेल, तर दोघांचे नाव एकच होते आणि त्यांतला एकच दिसतो. बाय-पाथमधील नाव यूएसबीच्या भोकावरून ठरते. आपल्याला टेबलच ओळखायचे असल्यामुळे तेच सोयीचे: डावीकडील भोक म्हणजे टेबल १, उजवीकडील म्हणजे टेबल २. भोकांशेजारी रंगाने आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे झाडलोट करताना कोणी तारा काढल्या तरी त्या परत जागच्या जागी लागतील.

अधिकारांसाठी वापरकर्त्याला इनपुट या गटात घालावे असे बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण त्या गटातील वापरकर्त्याचा कोणताही प्रोग्राम संगणकाचे सर्व कीबोर्ड वाचू शकतो, आणि वेलँडने ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्यावर पाणी पडते. यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांची नावे व अधिकार ठरवणाऱ्या घटकाचा) एक नियम लिहून फक्त स्कॅनरच्या उत्पादक-क्रमांकाच्या व मॉडेल-क्रमांकाच्या उपकरणापुरता वेगळ्या गटाला अधिकार द्यावा. दोन ओळींचे काम आहे.

बाळीवेस

आणि विंडोजचे काय? तिथे ग्रॅब नाही.

हिप्परगा

नाही, आणि विंडोजची खरी अडचण तीच आहे. पायनपुट विंडोजवर ज्या आधारावर चालते तो म्हणजे खालच्या पातळीचा कीबोर्ड हूक. प्रत्येक कळ समोरच्या विंडोकडे जाण्यापूर्वी हूकमधून जाते. तिथे आभासी क्रमांक, स्कॅन क्रमांक आणि वेळ मिळते. कळ अडवताही येते. पण कोणत्या उपकरणाची कळ आहे, ही माहिती त्या रचनेत मुळातच नसते. उपकरण कळते ते रॉ इनपुट या दुसऱ्या मार्गाने. तो विंडोज एक्सपीपासून उपलब्ध आहे. सीटाइप्स (विंडोजची फंक्शन बोलावण्याचे मॉड्यूल) वापरून पायथनमधून एक अदृश्य विंडो उघडायची, तिच्या नावाने कीबोर्ड या वर्गाची नोंदणी करायची आणि ती समोर नसतानाही संदेश मिळावेत अशी खूण त्या नोंदणीत द्यायची. मग प्रत्येक कळीसोबत उपकरणाचा हँडल (ओळखखूण) येतो आणि त्यावरून उपकरणाचे पूर्ण नाव विचारता येते. पण रॉ इनपुटला कळ अडवता येत नाही. थोडक्यात, ज्याला अडवता येते त्याला उपकरण ओळखता येत नाही, आणि ज्याला उपकरण ओळखता येते त्याला अडवता येत नाही. दोन्ही जोडून वापरण्याचे प्रयत्न लोकांनी केले आहेत. मी ते कारखान्यात वापरण्याची शिफारस करणार नाही.

हूक वापरणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी सांगतो, कारण त्यांचा शोध लागेपर्यंत माणूस हैराण होतो.

हूकच्या फंक्शनने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही, तर विंडोज ती कळ त्याला वगळून पुढे पाठवते आणि असे वारंवार झाले की तो हूक कोणतीही सूचना न देता काढून टाकते. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ही मर्यादा जास्तीत जास्त १ सेकंदच ठेवता येते. म्हणून त्या फंक्शनमध्ये फाइल उघडणे, डेटाबेसमध्ये लिहिणे, नेटवर्कवर पाठवणे यांपैकी काहीही करू नये. कळ आणि वेळ रांगेत टाकावी आणि लगेच परतावे. लिहिण्याचे काम दुसऱ्या थ्रेडने (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाने) रांगेतून उचलून करावे.

बिलिंगचे सॉफ्टवेअर प्रशासकाच्या अधिकाराने चालू असेल आणि आपला प्रोग्राम साध्या अधिकाराने, तर ते सॉफ्टवेअर समोर असेपर्यंत हूकला काहीही ऐकू येत नाही. जुनी बिलिंग सॉफ्टवेअर हमखास प्रशासक म्हणून चालवलेली असतात.

आणि तिसरे म्हणजे, संगणक सुरू होताच प्रोग्राम चालावा म्हणून त्याची विंडोज सर्व्हिस बनवू नये. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या सत्रात चालतात, तिथे वापरकर्त्याच्या कीबोर्डचा वाराही लागत नाही. टास्क शेड्युलरमधून 'वापरकर्त्याने लॉगिन केल्यावर' असे नेमून द्यावे.

टंकनवर्ग

चर्चा वाचतो आहे. माझी गरज थोडी निराळी आहे, पण विषय तोच आहे म्हणून इथेच विचारतो. माझा जुळे सोलापुरात टंकलेखनाचा वर्ग आहे. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या परीक्षेची तयारी करणारी मुले असतात. प्रत्येक विद्यार्थी कोणत्या कळेवर अडखळतो, हे मला मोजायचे आहे. पायनपुट घ्यावे की ईव्हीडेव्ह?

हिप्परगा

दोन्ही नको. आपला विद्यार्थी आपल्याच प्रोग्रामच्या विंडोत टंकणार आहे, तेव्हा संपूर्ण संगणकाच्या कळा ऐकण्याचे काही कारणच नाही. पायथनसोबत येणारे टीकिंटर पुरेसे आहे: विंडोला कळ दाबल्याची आणि सोडल्याची घटना जोडावी, म्हणजे अक्षर, कळीचे नाव, कळीचा क्रमांक आणि मिलिसेकंदांतील वेळ या चारही गोष्टी मिळतात. कोणतीही विशेष परवानगी लागत नाही, वेलँड आडवे येत नाही आणि विद्यार्थ्याने मध्येच दुसरी विंडो उघडून काही खासगी टंकले तर ते आपल्याकडे येतही नाही.

टर्मिनलवर करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. टर्मिनलमधून कळ सुटल्याची घटना येतच नाही, फक्त अक्षरे येतात. त्यामुळे कळ किती वेळ दाबून धरली हे मोजता येत नाही. शिवाय विंडोजवर एमएसव्हीसीआरटी आणि लिनक्स-मॅकवर टर्मिऑस अशी दोन वेगळी मॉड्यूल वापरावी लागतात, आणि लिनक्सवर एकेक बाइट वाचत गेलात तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचे असल्याने अर्धवट तुकडे हाती येतात.

दोन सूचना आहेत. लिनक्सच्या एक्सवर कळ धरून ठेवली, की सुटली-दाबली-सुटली-दाबली अशा जोड्या येतात, तर विंडोजवर फक्त 'दाबली' पुन्हा पुन्हा येते. हे न जाणता मोजणी केली, तर एकाच विद्यार्थ्याचे दोन संगणकांवरील आकडे जुळणार नाहीत. दुसरे म्हणजे वेळेतील फरक मोजताना टाइम मॉड्यूलमधील पर्फ_काउंटर वापरावे. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ इंटरनेटवरून मध्येच दुरुस्त होते आणि मग दोन कळांमधले अंतर उणे निघाल्याचे पाहावे लागते.

टंकनवर्ग

आभारी आहे. 'क्ष'चे काय करावे? इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ दाबले की एका फटक्यात क्ष उमटतो.

हिप्परगा

चांगला मुद्दा काढलात. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये त्या एका कळीतून क, हलन्त आणि ष अशी तीन युनिकोड चिन्हे निघतात. तोच क्ष एखादा विद्यार्थी तीन कळा दाबून काढेल. छापील मजकूर दोघांचा सारखाच, पण श्रम निराळे. म्हणून आपण कळांची नोंद आणि मजकुराची नोंद या दोन वेगळ्या ठेवाव्यात: चूक-बरोबर मजकुरावरून ठरवावे आणि अडखळणे कळांवरून. मजकूर ताडताना दोन्ही बाजूंना युनिकोडचे एनएफसी रूप (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिले तरी एकसारखे होणारे प्रमाण रूप) करून घ्यावे. आणि बॅकस्पेसच्या कळा गाळू नयेत, कारण विद्यार्थ्याचा गोंधळ नेमका तिथेच दिसतो.

फोनेटिक पद्धतीने टंकणाऱ्यांच्या बाबतीत कळा रोमन आणि मजकूर देवनागरी असाच दुभंग दिसेल. तो प्रोग्रामचा दोष नाही.

चाटीगल्ली

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. दुकानातल्या माणसाला न कळता त्याच्या संगणकावरचे सगळेच टंकन नोंदवून ठेवता येईल का? मागे एकदा दरपत्रक बाहेर गेले होते.

सातरस्ता

तसे करण्यात मी मदत करणार नाही, आणि इथे कोणी करेल असे वाटत नाही. तत्त्वाचा भाग बाजूला ठेवला तरी त्यातून काय तयार होते ते पाहा: त्या संगणकावरून जीएसटीचे पोर्टल, बँकेचे खाते, तुमचा स्वतःचा ईमेल असे जे जे उघडले जाते त्या प्रत्येकाचा पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये उघडा पडून राहील. दरपत्रकापेक्षा ती फाइल बाहेर जाणे जास्त महागात पडेल. दरपत्रक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कोणाला प्रवेश आहे हे ठरवावे आणि ते कोणी केव्हा उघडले याची नोंद विंडोजच्या ऑडिटमधून ठेवावी. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळेल, कीबोर्डमध्ये नाही.

याच कारणासाठी मॅकने हे दार जवळजवळ बंद केले आहे. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून इतर प्रोग्रामच्या कळा ऐकण्यासाठी 'इनपुट मॉनिटरिंग' ही परवानगी वापरकर्त्याने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. यंत्रमागकर साहेबांच्या पुतण्याच्या मॅकवर काही नोंदले जात नाही ते बहुधा यामुळेच. परवानगी पायथनच्या फाइलला द्यायची नसून ती ज्या प्रोग्राममधून चालवली जाते त्याला, म्हणजे सहसा टर्मिनलला, द्यायची असते. देऊन झाल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे लागते. एवढे करूनही पासवर्डच्या चौकटीत टंकलेले मिळत नाही, कारण तिथे मॅक सुरक्षित नोंदीची वेगळी पद्धत चालू करतो. ते योग्यच आहे.

यंत्रमागकर

मॅकचा उलगडा झाला. तो प्रश्न आता सोडून देतो, कारखान्यात मॅक लागणारच नाही. विंडोजवर मात्र अडलो आहे. स्कॅन केलेला मजकूर बिलिंगच्या चौकटीत पडतो आणि तोच माझ्या फाइलमध्येही हवा, असे असते तर रॉ इनपुट चालले असते. पण चौकटीत तो पडायला नको आहे.

सातरस्ता

मग स्कॅनरने कीबोर्ड असल्याचे सोंगच घेऊ नये, हा उत्तम मार्ग. बाजारातील बहुतेक यूएसबी स्कॅनर दोन-तीन रूपांत चालतात. त्यांच्या पुस्तिकेत 'यूएसबी कॉम' किंवा 'व्हर्च्युअल सीरियल' या नावाचा एक बारकोड छापलेला असतो. तो एकदा स्कॅन केला, की स्कॅनर कीबोर्ड म्हणून दिसणे बंद होते आणि सीरियल पोर्ट म्हणून दिसू लागतो. विंडोजवर तो कॉम३ , कॉम४ असा येतो, लिनक्सवर टीटीवायएसीएम० असा. मग पायसीरियल हे पॅकेज घेऊन ओळ वाचायची. पोर्ट वेगळे असल्याने दोन स्कॅनर आपोआप वेगळे होतात, लेआउटचा प्रश्न उरत नाही, समोरच्या विंडोत काही उमटत नाही आणि तिन्ही व्यवस्थांवर जवळजवळ तोच प्रोग्राम चालतो. लिनक्सवर वापरकर्त्याला डायलआउट या गटात घालावे लागते, तेवढाच फरक.

यंत्रमागकर

नवा स्कॅनर तसा करून घेतला; मजकूर कॉम४ वर येतो आहे. जुन्या स्कॅनरमध्ये ही सोय नाही. त्याला उबुंटूच्या संगणकावर हलवले आहे आणि तिथे ईव्हीडेव्ह आहेच. दोन्हीकडून नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जातात. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, म्हणून प्रत्येक स्कॅननंतर कमिट करतो, म्हणजे नोंद लगेच डिस्कवर पक्की करतो. गठ्ठे मिनिटाला काही शेकड्यांनी येत नाहीत, त्यामुळे वेगाची अडचण नाही.

एकच शंका उरली. एखादी कळ वाटेत गळली, तर चिठ्ठीचा क्रमांक चुकीचा पण दिसायला बरोबर असा नोंदला जाऊ शकतो का?

हिप्परगा

जाऊ शकतो. आपण चिठ्ठीवर कोड १२८ या प्रकारचा बारकोड छापत असाल, तर त्यात तपासणीचे चिन्ह असते, पण ते स्कॅनरच्या आतच तपासून टाकून दिले जाते. स्कॅनरपासून फाइलपर्यंतच्या वाटेला त्याचे संरक्षण नाही. म्हणून क्रमांकातच एक तपासणी अंक ठेवावा आणि तो पायथनमध्ये पुन्हा मोजावा. दुकानातल्या मालावरील ईएएन-१३ या १३ अंकी क्रमांकाची पद्धत साधी आहे. भारतात नोंदवलेल्या मालाचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे १२ अंक घ्या. डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की १३० येते, पुढचा दशक गाठायला काहीच मिळवावे लागत नाही, म्हणून तेरावा अंक ०. एखादा अंक बदलला तर हा हिशेब लगेच चुकतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र त्या दोहोंतील फरक ५ असेल तेव्हा निसटते. कळ गळण्याची भीती जास्त असल्याने लांबी ठरावीकच ठेवावी आणि लांबी जुळली नाही की ओळ सरळ नाकारावी, टेबलावर बीप वाजवावा आणि गठ्ठा पुन्हा स्कॅन करायला लावावा.

शक्य असेल तर नव्या चिठ्ठीवर फक्त अंक घ्यावेत. अक्षरे नसली की शिफ्ट नाही, कॅप्स लॉक चालू राहिल्याने मोठ्याचे लहान होणे नाही, आणि जुना स्कॅनर कधी विंडोजवर परत न्यावा लागला तरी देवनागरी अंकांचे रूपांतर पायथनच्या ट्रान्सलेट या फंक्शनने एका ओळीत होते.

यंत्रमागकर

चिठ्ठीचा आताचा रोल संपला की टेबलाचा १ अंक, गठ्ठ्याचे ६ अंक आणि तपासणीचा १ अंक असा ८ अंकांचा क्रमांक छापायला घेतो. टॉवेल आणि चादर वेगळी ओळखण्यासाठी गठ्ठ्याच्या क्रमांकांचे दोन टप्पे पाडले, तर टी-डब्ल्यूची गरज राहत नाही. दिवाणजींनाही तसेच सांगितले आहे.